प्रोजेस्टेरॉनच्या सहा कुप्या

डॉक्टर इबार्रा आले तेव्हा त्यांच्या एका बगलेत बॅग होती आणि दुसऱ्या बगलेत कोंबडी.

सकाळचे आठ वाजले होते. ओतिलियाबाई अंगणात कॉफी पीत बसल्या होत्या. तुस्तेपेकच्या टपालकचेरीत तीस वर्षं काढून त्या आमच्या अरोयो ब्लांको गावी राहायला आल्या आणि आल्या आल्या त्यांनी दारावर पाटी लावली : ‘खासगी चौकशा केल्या जातील. चहाड्या केल्या जाणार नाहीत.’ पहिलं वाक्य वाचून लोक यायचे आणि दुसरं वाचून निर्धास्त व्हायचे.

त्यांच्यासमोर त्यांचे थोरले दीर नाबोर बसले होते. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. आता गुडघे गेले होते, पण भूक शाबूत होती. डोकं मात्र पहिल्यापासून पहिल्याच गिअरमध्ये चालायचं. तरी चौकशीला निघताना बाईंना ते बरोबर लागतच.

“बाई, चोरी झाली!” डॉक्टर म्हणाले. “आणि ही तुमची फी.”

त्यांनी कोंबडी नाबोरांच्या मांडीवर ठेवली. पांढरी, काळ्या ठिपक्यांची, अंगाने भरलेली. नाबोरांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

“मोले करू या, वहिनी, दाट तिखट रश्श्याचा. तीळ आहेत घरात.”

“आधी चोरी, मग मोले,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर, कोंबडी तुम्ही पाळलीत कधी?”

“मी कुठला पाळतोय! सकाळी दवाखान्याच्या दाराला बांधलेली होती. लोक देतात हो असं काहीबाही, नावही सांगत नाहीत. ते जाऊ द्या. माझ्या कपाटातून औषध गेलंय. प्रोजेस्टेरॉनच्या सहा कुप्या.”

“कुणासाठी होत्या?”

“होवितासाठी.”

बाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. होविता म्हणजे तोमासाबाईची सून. चोवीस वर्षांची, हसरी. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. दुसऱ्या वेळेनंतर वर्षभर तिचं हसू कुणी पाहिलं नव्हतं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि दहावा आठवडा चालू होता.

“राजधानीहून मी दहा कुप्या मागवल्या होत्या,” डॉक्टर सांगू लागले. “एक दिवसाआड एक इंजेक्शन. चार दिली. आज दुपारी चार वाजता पाचवं द्यायचंय. काल तिला जरासा डाग दिसला, म्हणून मी तिला झोपून राहायला सांगितलंय. नवीन कुप्या यायला आठ-दहा दिवस लागतील. तिच्याकडे आठ दिवस नाहीत, बाई.”

डॉक्टरांचं वय सव्वीस. सरकारी नियमाप्रमाणे शिक्षणानंतर एक वर्ष खेड्यात काढायला आलेला राजधानीचा पोरगा. डोळ्यांत पाणी आलेलं लपवायला तो उगाच बॅगेचा पट्टा आवळत बसला.

“म्हणजे चारच्या आत,” बाई उठल्या. “भावोजी, कोंबडी परसात बांधा. कापू नका. मी सांगेपर्यंत तिला पाहुणी समजा.”

*

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी आणि तिच्यावर एक बाकडं. आतल्या खोलीत औषधांचं कपाट होतं. कपाटाची किल्ली भिंतीवरच्या संताच्या तसबिरीमागे खिळ्याला, आणि हे गावात फक्त संतालाच माहीत नव्हतं.

“मी सहाला नदीवर आंघोळीला गेलो,” डॉक्टर म्हणाले. “सातला सिप्रियानाने कपाट उघडलं. त्या तासाभरात गेल्या असणार.”

नर्स सिप्रियाना कंबरेवर हात ठेवून उभीच होती. पन्नाशीची बाई, तोंडाने तिखट.

“माझ्यावर संशय असेल तर तोंडावर सांगा. मला चोरायचंच असतं तर ते शेजारचं पेनिसिलिन नेलं असतं. बाजारात हातोहात खपतं. ही तेलातली सुई कोण घेणार? घेणाऱ्याला नाव तरी उच्चारता यायला नको?”

“पेनिसिलिनला हात लागलेला नाही?”

“एक बाटली इकडची तिकडे नाही.”

बाईंनी पत्र्याचा डबा पाहिला. आत कापसाची गादी, तिच्यावर बोटाच्या पेराएवढी चपटी कानस.

“ही कशाला?”

“कुपीची मान कापायला. कानशीने रेघ ओढायची, मग मान टक्कन मोडते. तशीच मोडली तर काचेचा चुरा औषधात पडतो. म्हणून ती कायम वरच ठेवते मी. कुप्या कापसाखाली, कानस कापसावर.”

“आणि आज सकाळीही ती अशीच होती?”

“अश्शीच. मला वाटलं कुप्या आहेत जागेवर. कापूस उचलला तर खाली काही नाही.”

बाईंनी कानस उचलली, कापूस उचलला, कापूस खाली ठेवला, कानस वर ठेवली. मग डबा बंद केला.

नाबोर डॉक्टरांच्या टेबलाशी बसायला गेले आणि चटका बसल्यासारखे उठले. टेबलावर कागदांच्या गठ्ठ्यावर एक मूळ ठेवलेलं होतं. बाहेरून काळपट, कापलेल्या बाजूने पिवळं.

“अहो, बार्बास्को! घरात आणलंय?”

डॉक्टर हसले. “नाबोरकाका, मूळ आहे ते, साप नव्हे. अहो, ते प्रोजेस्टेरॉन याच मुळापासून बनतं! तुमच्या डोंगरातलं मूळ इथून पोत्यांनी राजधानीला जातं आणि तिथले रसायनवाले त्याचं औषध करतात. सोमवारी इंजेक्शन दिल्यावर मी सगळ्यांना हेच मूळ दाखवून समजावलं.”

“सगळे म्हणजे कोण?” बाईंनी विचारलं.

“होविता, तोमासाबाई, सिप्रियाना. आणि खिडकीशी एलादियोशेठ उभे होते, त्यांच्या घोडीबद्दल विचारायला आले होते.”

“काय समजावलंत? मलाही सांगा. शब्दच एवढा लांब आहे की त्यात चार माणसं लपतील.”

डॉक्टर खुलले. मास्तरकी त्यांच्या रक्तातच होती. “लांब आहे, पण सरळ आहे. प्रो म्हणजे बाजूने. जेस्ट म्हणजे पोटात वाढवणं. शेपूट रसायनाचं, ते सोडून द्या. गर्भाची बाजू घेणारं, एवढाच अर्थ. प्रत्येक बाईच्या बीजांडकोशात ते तयार होतं. दिवस राहिले की ते गर्भाशयाला शांत ठेवतं आणि गर्भाला धरून ठेवतं. होविताचं कमी पडत असावं, म्हणून आपण बाहेरून देतो.”

“आणि तोमासाबाई काय म्हणाल्या?”

“काहीच नाही. एरवी चिक्कार बोलतात. औषध तेलातलं ना, जरा घट्ट असतं, म्हणून कुपी आधी मुठीत धरून कोमट करावी लागते. ते काम त्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतलंय. नर्सलाही हात लावू देत नाहीत.”

“माझे हात थंड म्हणे!” सिप्रियाना फणकारली.

*

एलादियोशेठचं वाळवण गावाबाहेर होतं. डोंगरातून आलेला बार्बास्को तिथे चिरायचे, कुजवायचे, उन्हात पसरायचे आणि पोत्यात भरायचे. वास असा की पहिल्यांदा येणारा माणूस सकाळची न्याहारी परत करून जाई.

वाटेत ओढ्यावर गर्दी होती. चार-पाच माणसांनी बार्बास्को ठेचून पाण्यात सोडला होता. पाणी साबणासारखं फेसाळलं होतं आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. नाबोरांनी टोपी पुढे केली आणि क्षणात तीन मासे मिळवले.

एवढ्यात पलीकडच्या काठावरून एक पोटुशी बाई घागर घेऊन उतरू लागली.

“ए पोरी, माघारी फीर!” म्हातारे-कोतारे एकदम ओरडले. “पाण्यात बार्बास्को आहे!”

ती घागर तिथेच टाकून पळाली.

“आमची आईही असंच करायची,” नाबोर म्हणाले. “धाकट्याच्या वेळी बाबा मुळं खणून आले की त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसे. कपडे, पहार, पिशवी, सगळं कुंपणाच्या झाडाला. लिंबू चोळून आंघोळ, मग भाकरी. आजही पोटुशी बाई असलेल्या घरात हेच चालतं.”

“मग धाकटा नीट झाला?”

“झाला की. तुमचाच नवरा तो, वहिनी!”

बाई खळखळून हसल्या. मग त्या फेसाळलेल्या पाण्याकडे पाहतच राहिल्या, इतक्या की नाबोरांना त्यांची बाही ओढावी लागली.

एलादियोशेठ जाडजूड, मिशाळ, बोलायला मोकळे. चोरीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

“मी मागितल्या होत्या, कबूल! माझी घोडी दोन वर्षं शिंगरू टाकतेय. डॉक्टर म्हणाला, एवढ्याशा सहा कुप्यांनी घोडीला काय होणार, तिच्या आकाराला ढीगभर लागतील. झालं, काल सकाळीच औषधासाठी राजधानीला तार केली. ही बघा पावती. बाईमाणसाचं औषध घोडीला द्यायला मी काय एवढा नालायक वाटलो तुम्हाला?”

पावतीवर मंगळवारचा शिक्का होता. टपालात जन्म काढलेल्या बाईंनी तो शिक्का दोनदा पाहिला आणि पावती परत दिली.

“होविताची सासू इथं मुळं चिरायला येते ना?”

“यायची. सुनेला दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी काम सोडलं. माझी सगळ्यात चांगली चिरणारी बाई गेली, पण बोलणार काय? माझी आई असती तर तिनेही तेच केलं असतं.”

*

तोमासाबाईचं घर चढावर होतं. कुंपणाशी नारिंगीचं झाड, आणि त्याच्या फांदीला सुतळीची जाळीदार पिशवी लटकत होती, पिशवीत मक्याच्या सोलपटांचं गाठोडं. अंगणात चार कोंबड्या. तोमासाबाई चुलीवर मका चुन्याच्या पाण्यात शिजवत होती. साठीची, काटक, डोळे तांबारलेले. पाहुण्यांना बघून तिने शालीच्या टोकाने हात पुसले.

“या, ओतिलियाबाई. बसा. नाबोरभाऊ, मासे घराबाहेर ठेवा हं. ओढ्याचे दिसतायत.”

नाबोरांनी मुकाट्याने टोपी कुंपणाबाहेर नेऊन ठेवली.

“सुईचं कळलं ना?” बाईंनी विचारलं.

“कळलं.” तोमासाबाई चुलीत लाकूड सारत राहिली. “देवाची मर्जी.”

“तू सुनेला इतक्या लांब चालत दवाखान्यात नेलंस. सुईसाठी डुक्कर विकलंस. आणि आता नुसतं देवाची मर्जी?”

“मग काय करू, छाती बडवू?”

आतून होविताचा आवाज आला. “बाई, आत या ना! पडून पडून माझा जीव आंबलाय.”

होविता खाटेवर पडली होती. चेहरा उतरलेला, तरी उशाला बाळाचं अर्धवट विणलेलं टोपडं.

“सापडेल ना हो?” तिने हळूच विचारलं. “मी खोटं नाही बोलत, बाई, मला फार भीती वाटते. काल डाग दिसला तेव्हा वाटलं, झालं, हेही गेलं.”

“सापडेल. लासारो कुठाय?”

“नवरा माझा? गेल्या गुरुवारी डोंगरात गेला मुळं खणायला. पहार, कपडे, पिशवी, सगळं घेऊन. शनिवारी येईल. तो असता तर त्याने आज गाव डोक्यावर घेतलं असतं.”

“खातेस ना नीट?”

“कसली खाते! रोज सकाळी आई मला ताजं अंडं देतात. आज नाही मिळालं. म्हणे कोंबडी रुसलीय. मी म्हटलं, रुसायचं तर माझ्यावर रुसू दे, अंड्यावर कशाला?”

बाई हसल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि बाहेर आल्या. जाताना त्या नारिंगीच्या झाडाखाली क्षणभर थांबल्या.

कुंपणाबाहेर येताच नाबोर म्हणाले, “वहिनी, माझं ठरलं. चोर सिप्रियाना. डॉक्टर तिला सारखे ओरडतात. सूड!”

“सूड घेणारी बाई दाराला कोंबडी बांधेल?”

“कोंबडीचा काय संबंध?”

“भावोजी, तुम्ही एक करा. साडेतीनला सगळ्यांना तोमासाच्या अंगणात आणा. डॉक्टर, सिप्रियाना, एलादियोशेठ. डॉक्टरांना सांगा, सुई उकळून घेऊन या. आणि येताना ती पाहुणीही आणा.”

“जिवंत?” नाबोरांचा आवाज पडला.

“जिवंत.”

*

साडेतीनला अंगण भरलं. होविताची खाट दारापाशी ओढून घेतली होती. डॉक्टरांच्या हातात उकळलेल्या सुईचा डबा होता. औषधच नाही तर सुई कशाला, हे त्यांनी वाटेत नाबोरांना तीनदा विचारलं होतं आणि नाबोरांनी तिन्ही वेळा खांदे उडवले होते.

“बसा सगळे,” ओतिलियाबाई म्हणाल्या. “कुणाला तुरुंगात धाडायचं नाहीये, तेव्हा माना खाली घालू नका. पहिली गोष्ट. कपाटात पेनिसिलिन होतं, ते शिवलंही नाही. म्हणजे चोराला विकायचं नव्हतं.”

“मी म्हटलं नव्हतं?” सिप्रियाना म्हणाली.

“म्हटलं होतंस. दुसरी गोष्ट, कानस. कुप्या कापसाखाली होत्या, कानस वर होती. चोराने कानस उचलली, कुप्या काढल्या आणि कानस परत नीट कापसावर ठेवली. ज्याला औषध वापरायचंय, मग ते बाईला असो की घोडीला, तो कानस आधी खिशात घालेल. शिवाय एलादियोशेठनी स्वतःसाठी काल सकाळीच तार केलीय. म्हणजे चोराला कुप्या उघडायच्याच नव्हत्या. त्या कुणीच उघडू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.”

“हेच म्हणतो मी, सूड!” नाबोर म्हणाले.

“सूड घेणारा कुप्या तिथेच आपटून फोडतो. आमच्या चोराने दाराला अंडी देणारी कोंबडी बांधली. घेतलं त्याच्या बदली काहीतरी ठेवून गेला. डॉक्टरांवर त्याचा राग नाही, उलट लाज आहे. मग चांगल्या डॉक्टरचं औषध कुणी का लपवावं? भीती वाटली म्हणून. आणि भीती कधी वाटली? सोमवारपर्यंत चार इंजेक्शनं झाली, कुणी काही बोललं नाही. सोमवारी नवं काय घडलं?”

डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“मूळ,” ते पुटपुटले. “मी मूळ दाखवलं.”

“तुम्ही राजधानीचे. तुमच्या लेखी ते कागदावर ठेवायचं वजन. इथल्या माणसाच्या लेखी ते मासे मारणारं मूळ. सकाळी ओढ्यावर भावोजींनी मला आठवण करून दिली, पोटुशी बाई असलेल्या घरात बार्बास्को उंबरा ओलांडत नाही. आणि तुम्ही सांगितलंत की तो सुईतून सरळ तिच्या अंगात जातोय.”

होविता कोपरावर उठून बसली. “पण बाई, ऐकलं तर मीही होतं. मला नाही भीती वाटली.”

“म्हणूनच तू नव्हेस. शिवाय काल डाग दिसल्यापासून तू खाटेवर आहेस. आणि कोंबडी तू दिली असतीस तर अंडं मिळालं नाही म्हणून माझ्याकडे तक्रार केली नसतीस. भावोजी, सोडा तिला.”

नाबोरांनी जड मनाने दोरी सोडली. ठिपकेदार कोंबडीने अंग झाडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या पायांतून वाट काढत सरळ चुलीमागच्या टोपलीत जाऊन बसली.

“अगंबाई, आमची ठिपकी!” होविता म्हणाली. मग तिने सासूकडे पाहिलं. “आई?”

तोमासाबाई खांबाला धरून उभी होती.

“कुप्या कुठे आहेत तेही सांगते,” बाईंचा आवाज खाली आला. “फेकायच्या कुठे? ओढ्यात टाकल्या तर मासे जातील. घरात ठेवायच्या नाहीत, बार्बास्को आहे त्यात. अशा वस्तूंची या घरात एकच जागा, कुंपणाचं झाड. लासारो गुरुवारी पिशवी घेऊन डोंगरात गेला, शनिवारपर्यंत यायचा नाही. मग झाडावर आज कुणाची पिशवी लटकतेय? तोमासा, मी हात लावलेला नाही. तूच आण.”

तोमासाबाई गेली. पिशवी काढून आणली, पण उंबऱ्यापासून चार पावलं दूरच उभी राहिली. सोलपटांच्या गाठोड्यात सहा कुप्या होत्या, अंड्यांसारख्या एकेक वेगळ्या गुंडाळलेल्या.

“परत देणार होते,” ती म्हणाली. “बाळ झालं की देणार होते. तोवर कोंबडी राहू दे म्हटलं डॉक्टरांकडे.”

“पण मावशी, मला विचारायचं तरी!” डॉक्टर म्हणाले.

“कुठल्या तोंडाने विचारू? मीच तुमच्या पाया पडले, पोरीला वाचवा म्हणून. तुम्ही शिकलेले. मी नाही म्हटलं असतं तर हिने ऐकलं असतं का? आणि डॉक्टर, त्याने मासे मरतात हो. पोटातलं पोरही पाण्यातच असतं की! चार वेळा मी ते माझ्या मुठीत कोमट करून दिलं. माझ्या हाताने. सोमवारपासून मला झोप नाही. काल डाग दिसला तेव्हा मला कळलं की हे मी केलंय.”

सिप्रियानाने नाक पुसलं. एलादियोशेठ मिशी चावत उभे राहिले.

डॉक्टर काहीतरी रसायनाचं सांगायला निघाले होते. ओतिलियाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

“तोमासा, चुलीवर काय आहे?”

“मका.”

“कशात?”

“चुन्याच्या पाण्यात. आणि कशात शिजवतात?”

“तो चुना डोळ्यात गेला तर?”

“डोळा जाईल.”

“आणि त्या चुन्याशिवाय मक्याची भाकरी होते?”

तोमासाबाईने चुलीकडे पाहिलं, मग हातातल्या गाठोड्याकडे.

“आधी शिजवतो, मग चार पाण्यांनी धुतो,” ती हळूहळू म्हणाली. “तेव्हा कुठे भाकरी होते.”

“राजधानीतही तेच करतात. मासे मारणारं सगळं काढून टाकतात आणि पोटाला लागतं ते तेवढं ठेवतात.”

“मी इतकं सोपं का नाही सांगितलं?” डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

तरी तोमासाबाईचे पाय हलेनात. साठ वर्षांची समजूत एका उदाहरणाने सुटत नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. पावणेचार झाले होते.

“आई,” होविता म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “पहिल्या वेळी तुम्ही लासारोला तीन महिने अंगणात झोपवलंत. दुसऱ्या वेळी मला ओढ्याचं पाणीही पिऊ दिलं नाहीत. बार्बास्को घराच्या जवळपास फिरकला नाही. तरी दोन्ही गेली. तुमची चूक नव्हती, माझीही नव्हती. पण या खेपेला मला काहीतरी वेगळं करू द्या. मला सुई हवीय, आई. आणि तुम्ही दिल्याशिवाय मी घेणार नाही.”

तोमासाबाईने गाठोडं सोडलं, एक कुपी उचलली आणि बाकीची सिप्रियानाच्या हातात दिली. कुपी मुठीत घट्ट धरून ती उंबरा ओलांडून आत आली आणि खाटेच्या कडेला बसली.

“थांबा जरा,” ती डॉक्टरांना म्हणाली. “गार आहे अजून.”

*

डाग त्या आठवड्यात थांबला. तिसरा महिना गेला, चौथा गेला. डॉक्टरांनी टेबलावरचं मूळ आपल्या हाताने नेऊन दवाखान्याबाहेरच्या लिंबोणीला टांगलं आणि कागदांवर नदीतला गोटा ठेवला. ऑक्टोबरात होविताला मुलगी झाली. रडणं असं खणखणीत की वाळवणावर एलादियोशेठना ऐकू गेलं म्हणतात. म्हणतात, मी खात्री केलेली नाही.

बारशाला भांडण झालं ते नावावरून. तोमासाबाईला नातीचं नाव प्रोजेस्टेरोना ठेवायचं होतं. पाद्री हादरला, लासारो हसून हसून लोळला. शेवटी ओतिलियाबाईंनी तोड काढली. औषधाचं नाव औषधाला राहू दे, पोरीला डॉक्टरच्या आईचं नाव द्या. पोरीचं नाव ब्रिखिदा ठेवलं आणि डॉक्टर तिचे धर्मपिता झाले.

नाबोरांना त्या दिवशी मोले मिळाला. दोनदा वाढून घेतला. कोंबडी दुसरी होती. ठिपकी मंडपात पाहुण्यांच्या पायांत दाणे टिपत हिंडत होती आणि नाबोर अधूनमधून तिच्याकडे बघून उसासा टाकत होते.

डॉक्टरांचं वर्ष डिसेंबरात संपलं. त्यांनी अर्ज करून आणखी एक वर्ष मागून घेतलं.

नाताळाच्या सुमारास दवाखान्याच्या बाकड्यावर एक पोरगेली बाई बसली होती. दुसरा महिना चालू, आणि आधीची दोन गेलेली. लिंबोणीला टांगलेल्या मुळाकडे बघत ती बाकड्याच्या पार टोकाला सरकली होती. सुई कशाची आहे ते तिला कुणीतरी सांगितलं होतं.

तोमासाबाई नातीला कुशीत घेऊन तिच्याशेजारी बसली.

“घाबरू नकोस. त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणतात,” ती एकेक अक्षर ठासून म्हणाली. “म्हणजे पोटातल्याची बाजू घेणारं. तुझ्या-माझ्या अंगातही असतं ते. कमी पडलं तर हे देतात.”

“पण मावशी, बार्बास्को...”

“धुऊन घेतात. चुन्यातला मका धुतो ना, तसा. हिला धर जरा.”

तिने ब्रिखिदाला त्या पोरीच्या मांडीवर ठेवलं आणि दाराकडे वळून हात पुढे केला.

“सिप्रियाना, कुपी दे इकडे. तुझे हात गार असतात.”